डिस्चार्जनंतर पुढं काय झालं, हे कुणी लिहून ठेवतं का? व्यसनमुक्तीबद्दल एक खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, मा. सामाजिक न्यायमंत्री, मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री
आणि मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

सप्रेम नमस्कार.

चौघांना मिळून एकच पत्र लिहितेय, कारण दारूच्या पेशंटची फाईल तुमच्या चौघांच्या टेबलांवरून फिरत असते. व्यसनमुक्ती केंद्राचं अनुदान सामाजिक न्यायकडं, सिव्हिलमधला बेड आणि गोळ्या आरोग्य खात्याकडं, डॉक्टर तयार होतात मेडिकल कॉलेजात आणि त्यांच्या परीक्षा आणि डिग्री नाशिकच्या विद्यापीठाकडं. कुणालाही काही विचारायला गेलं की ते आमच्याकडं येत नाही हो, असंच उत्तर येतं, त्यामुळं म्हटलं सगळ्यांना एकदमच लिहावं.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका व्यसनमुक्ती केंद्रात काउन्सेलर आहे. एमएसडब्ल्यू झालेय, पंधरा-सोळा वर्षं हेच काम करतेय. माझं म्हणणं एकच आहे, ते आधी सांगते आणि मग बाकीचं. आपल्या राज्यात पेशंट केंद्रातून घरी गेला की त्याचं पुढं काय झालं हे कुणीही नीट मोजत नाही, आणि जोपर्यंत ते मोजायला शिकलेली माणसं आपण तयार करत नाही तोपर्यंत आपले उपचार सुधारणार नाहीत, कारण काय सुधारायचंय हेच आपल्याला माहीत नाही.

आता हे मी कुठून बोलतेय ते सांगते.

2009 ची गोष्ट. माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा रोजचे दोन-तीन क्वार्टर घेत होता, जेवण जवळजवळ बंद. आम्ही त्याला एका खाजगी केंद्रात नेला, केंद्राचं नाव नको, आता ते बंदही झालंय. दारू एकदम बंद केल्यावर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे होतं ते त्याला झालं, हात इतके थरथरायचे की पाण्याचा ग्लास तोंडाला लागेना, भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणून रात्रभर चादर झटकत बसला, मग फिट आली. तिथं रात्री डॉक्टर नव्हता. जो वॉर्डबॉय होता त्यानं फोनवर कुणाला तरी विचारून ग्लुकोजचं सलाईन लावलं. बास.

जास्त दारू पिणाऱ्या आणि न जेवणाऱ्या माणसाच्या अंगात बी-वन, म्हणजे थायमिन, जवळजवळ संपलेलं असतं. अशा वेळी आधी बी-वनचं इंजेक्शन द्यायचं आणि मग ग्लुकोज, कारण ग्लुकोज वापरायला शरीराला बी-वनच लागतं, ते नसताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर जे थोडंफार उरलेलं असतं तेही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे मला नंतर शिकताना कळलं. दादा वाचला. पण त्याची नवी आठवण राहत नाही. आमचे बाबा 2014 ला गेले, दादाच्या डोळ्यासमोर गेले, आणि तो आजही चहा घेताना विचारतो, बाबा शेतावरून आले का गं. आम्ही आधी सांगायचो, तेव्हा तो प्रत्येक वेळी नव्यानं रडायचा. आता आम्ही येतीलच म्हणतो.

दादाचं हे नेमकं त्या सलाईनमुळंच झालं का? मला माहीत नाही आणि आता कुणालाच ते कळणार नाही, कारण त्या रात्रीचं काहीच लिहिलेलं नाही. डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत 'प्रकृतीत सुधारणा, घरी सोडले' एवढंच. ते कार्ड मी जपून ठेवलंय. त्या केंद्राच्या हिशेबात माझा भाऊ बरा झालेल्या पेशंटमध्ये धरला गेला असणार.

मग मी विचार करायला लागले की असे किती असतील.

2019 मध्ये केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्सकडून करून घेतलेला देशभराचा सर्व्हे आला. त्यात देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी आणि दारूपायी त्रासात असलेले, म्हणजे मदत लागणारे, सुमारे 5.7 कोटी निघाले, आणि ज्यांना दारूचं पूर्ण व्यसन लागलंय त्यातल्या 38 जणांमागे फक्त एकाला काहीतरी उपचार मिळाले, अॅडमिट होऊन तर 180 मध्ये एकाला. हा आकडा मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते. पण लोक म्हणतात 37 जणांना उपचार मिळत नाहीत, केंद्रं वाढवा, बेड वाढवा. वाढवाच. मला मात्र झोप लागत नाही ती त्या अडतिसाव्याची काळजी करून, ज्याला उपचार मिळाले. त्याला काय मिळालं? गोळ्या मिळाल्या का, बी-वन मिळालं का, का तीन महिने कोंडून ठेवून प्रार्थना म्हणायला लावली? घरी गेल्यावर सहा महिन्यांनी तो कुठं होता? बायकोपोरांना मारतो का अजून? जिवंत आहे का? सर्व्हेत याचं उत्तर नाही, आमच्या अनुदानाच्या रिपोर्टमध्येही नाही, तिथं रकाने असतात किती अॅडमिट केले, किती दिवस ठेवले, किती सोडले.

व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे हे आता जगभर मान्य आहे. 2000 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये तुलना छापून आली होती की उपचारानंतर वर्षभरात 40 ते 60 टक्के लोक परत वळतात, आणि बीपीचे किंवा दम्याचे पेशंट औषध-पथ्य सोडून परत बिघडतात त्याचं प्रमाणही तसंच, उलट थोडं जास्तच आहे. बीपीचा पेशंट परत आला तर डॉक्टर त्याला निर्लज्ज म्हणत नाहीत, गोळी बदलतात. आमचा पेशंट परत आला की घरचे, गावचे, आणि खरं सांगायचं तर आमच्यातलेही काही, म्हणतात याला अक्कलच नाही. आणि आपल्याकडं हे प्रमाण किती आहे, 40 का 60 का 80, कुठल्या केंद्रात कमी, कुठल्या औषधानं कमी, हे सांगता येत नाही.

मी माझ्यापुरती वही घातलीय. 2010 पासून. पेशंट गेला की एक महिना, तीन महिने, सहा महिने आणि वर्षानं फोन. मला कुणी सांगितलं नव्हतं, दादामुळं सुरू केलं. सुरुवातीला मी संध्याकाळी फोन करायची आणि विचारायची, कसे आहेत, घेतात का? पलीकडून बायको म्हणायची, हो मॅडम, चांगलंय सगळं. मी वहीत 'सोबर', म्हणजे पीत नाही, असं लिहायची. दोन वर्षांनी लक्षात आलं की ती 'चांगलंय' जरा हळू आणि जरा घाईत म्हणते तेव्हा तो शेजारी बसलेला असतो. मग मी फोन दुपारी अकरा-बाराला करायला लागले, बाई एकटी असते तेव्हा, आणि प्रश्न बदलला. पितात का असं विचारायचं नाही. या महिन्यात पगारातले किती घरी आले, पोरीची फी भरली का, रात्री झोप लागते का तुम्हाला ताई, असं विचारायचं. मग ती बोलते. कधी कधी अर्धा तास बोलते. माझ्या पहिल्या दोन वह्यांमधल्या 'सोबर'वर त्यामुळं माझा स्वतःचाच विश्वास नाही.

तशीच दुसरी गोष्ट. संशोधनात एक पद्धत आहे, टाइमलाइन फॉलोबॅक म्हणतात, म्हणजे कॅलेंडर समोर ठेवून गेल्या तीन महिन्यांत कुठल्या दिवशी किती घेतली ते एकेक करून आठवायला लावायचं. आमच्या माणसाला 14 तारखेला काय झालं ते आठवत नाही. पण भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं आणि विचारलं की पोळ्याला? बैल सजवून झाल्यावर? गणपती विसर्जनाला मिरवणुकीत? बाजाराच्या दिवशी? उसाचं बिल आलं त्या दिवशी? तर तो आपणहून बोट ठेवून सांगत जातो. एकजण म्हणाला मॅडम, बहिणीच्या घरी भाऊबीजेला गेलो होतो ना, तेवढा एकच दिवस कोरडा. हे बोट ठेवणं मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नाही, आणि माझ्यानंतर जी मुलगी या खुर्चीत बसेल तिलाही कुणी शिकवणार नाही. ती पण पहिली दोन वर्षं खोटं 'सोबर' लिहिणार.

आणखी एक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची तपासणी आहे, जगभर वापरतात, आम्हीपण वापरतो. त्यात विचारतात एका वेळी किती 'स्टँडर्ड ड्रिंक' घेता, आणि एका वेळी सहा किंवा जास्त असं किती वेळा होतं. आता आमच्याकडं स्टँडर्ड ड्रिंक कुणाला माहितीय? इथं निप असते, क्वार्टर असते, खंबा असतो, हातभट्टीची पिशवी असते. माणूस छातीठोकपणे सांगतो, मी जास्त नाही घेत मॅडम, रोजचं फक्त एक क्वार्टर. 180 मिलीच्या बाटलीवर 42.8 टक्के छापलेलं असतं, हिशेब करा, साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल होतं, म्हणजे 10 ग्रॅमच्या मापानं सहा ड्रिंक. म्हणजे हा 'फक्त'वाला माणूस रोज धोक्याच्या रेषेवर आहे आणि फॉर्म भरणारा नवखा काउन्सेलर तिथं 'एक' लिहितो. हातभट्टीत किती टक्के असतं ते तर पिशवीवर लिहिलेलंच नसतं. हा प्रश्न दिल्लीत बसून किंवा इंग्रजीत बसून कुणी सोडवणार नाही. तसाच विदर्भातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा, घरोघरी दात घासायला म्हणून मिश्री लावणाऱ्या आज्या-मावश्यांचा. 2016-17 च्या तंबाखूवरच्या सर्व्हेत महाराष्ट्रात 26.6 टक्के मोठी माणसं तंबाखू घेत होती आणि सिगारेट-बिडी ओढणारे फक्त 3.8 टक्के, म्हणजे आपला सगळा प्रश्न चघळण्याचा आणि घासण्याचा. सोडण्याबद्दलचं जगातलं बरंचसं संशोधन मात्र ओढणाऱ्यांवर झालेलं.

म्हणून मला आपल्या मातीतले संशोधक हवेत. परदेशातून आणलेले नकोत असं नाही म्हणत मी, पण इथले हवेत.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नका, शेजारी गोव्यात झालंय. संगथ या संस्थेनं तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत, त्रासदायक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांवर अभ्यास केला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्यावर जोडून थोड्याच बैठकांचं समुपदेशन. आणि ते देणारे कोण, तर मानसोपचाराची कुठलीही डिग्री नसलेले, तिथलेच, ट्रेनिंग दिलेले साधे लोक. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारातले 18 टक्के दारूपासून लांब होते, समुपदेशन मिळालेले 42 टक्के. 2017 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. मग ते तिथं थांबले नाहीत, वर्षानं परत जाऊन बघितलं, फरक टिकून होता. वर्षानं परत जाणं, मला वाटतं सगळं त्यातच आलं. (त्यात ज्यांना पूर्ण व्यसन लागलंय ते नव्हते, त्यांना औषधं आणि डॉक्टर लागतातच, हे मी मुद्दाम लिहितेय नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल डॉक्टरांची गरजच नाही.)

आणि आपल्याच राज्यात बघा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काय केलं, तर आधी मोजलं. गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी जन्म आणि बाळांचे मृत्यू लिहायला लावले, मग त्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, आणि 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 ला जगासमोर आलं ते. पुढं त्याच जिल्ह्यात दारू-तंबाखूसाठी 2016 पासून मुक्तिपथ हे अभियान सुरू झालं. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून उभं आहे, पु. ल. आणि सुनीताबाईंनी दिलेल्या पैशातून सुरू झालेलं, आमच्यासारख्या कितीतरी जणांनी पेशंटशी माणसासारखं बोलायचं कसं ते तिथं बघून शिकलंय. म्हणजे मोजायची परंपरा आपल्याकडं आहे आणि मायेची पण आहे. या दोन्ही एका खोलीत आणा एवढंच मागणं आहे.

आता नेमकं काय करता येईल ते.

आरोग्य आणि सामाजिक न्याय खात्यानं मिळून एक साधा नियम करावा की ज्या केंद्राला परवानगी किंवा अनुदान आहे त्यानं प्रत्येक पेशंटचा महिना, तीन, सहा आणि बारा महिन्यांचा फॉलोअप लिहायचा, जो सापडला नाही त्याला 'सापडला नाही' असंच लिहायचं, बरा झाला म्हणून धरायचं नाही. कमी आकडा आला म्हणून अनुदान कापू नका, नाहीतर सगळे खोटं लिहितील, मी स्वतः न कळत लिहिलंय दोन वर्षं. आणि अॅडमिट झाल्यावर पहिले पाच दिवस काय दिलं ते तासावार लिहायचं. बी-वनचं इंजेक्शन स्वस्त आहे. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट या गोळ्या तलफ कमी करतात, जगात पंचवीस-तीस वर्षं वापरात आहेत, पण आमच्या भागातल्या सिव्हिलमध्ये विचारलं की बाहेरून आणा म्हणतात, आणि ऊसतोड करणारी बाई बाहेरून दर महिन्याला कुठनं आणणार. ती मग एसटी स्टँडच्या भिंतीवरची 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा'ची जाहिरात बघून पुडी आणते आणि आमटीत मिसळते. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारूबरोबर गेलं की अंगावर उलटणारं औषध, असलं आणि तो वरून प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. साखळ्यांनी बांधून ठेवण्याला तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं स्पष्ट बंदी आहे, तरी फोन येतात मला, मॅडम तिकडं बांधून ठेवतात का हो नीट, म्हणजे तेवढं बरं पडेल.

विद्यापीठाला माझी विनंती जास्त आहे. एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराला दोन आठवडे, त्यात व्यसनाला दोन दिवस आले तर नशीब. एमडीची मुलं थिसिस करतात, पण त्यांना वेळ कमी, म्हणून ओपीडीत आलेल्यांना एकदा फॉर्म भरून घेतला की झालं, वर्षभर कुणाच्या मागं जाणार. आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, तिची विद्यार्थ्यांसाठी स्टुडंटशिप आहे ती दोन महिन्यांची. एम्स, निम्हान्स, चंदीगडच्या पीजीआयमध्ये व्यसनावरचं डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची डिग्री, आहे, तिथून शिकून आलेला डॉक्टर आमच्या जिल्ह्याला कधी मिळेल ते देव जाणे. तर डॉक्टर येईपर्यंत जे आहेत त्यांना शिकवा ना. दोन वर्षांची फेलोशिप काढा, मराठीतून, नर्ससाठी, एमएसडब्ल्यूवाल्यांसाठी, सायकॉलॉजीच्या मुलींसाठी, आणि जे स्वतः दारू सोडून पाच-दहा वर्षं सोबर आहेत त्यांच्यासाठीसुद्धा, कारण खोटं 'चांगलंय' त्यांना एका सेकंदात ओळखू येतं. त्यांना शिकवा प्रश्न कसा मांडायचा, नमुना कसा निवडायचा, जो सापडत नाही त्याचं काय करायचं, परवानगी कशी घ्यायची. एकेका मेडिकल कॉलेजला आजूबाजूची चार-पाच केंद्रं जोडून द्या, एमडीच्या पोरानं थिसिस तिथं करावा आणि पुढच्या वर्षीच्या पोरानं त्याच पेशंटला परत शोधावं, म्हणजे दोघांचं मिळून खरं काहीतरी होईल. आणि त्यांना पगार द्या, नीट पगार. आमच्याकडं चांगल्या शिकलेल्या तीन मुली आल्या आणि तिघी बँकेच्या परीक्षा देऊन गेल्या, मी त्यांना दोष देत नाही.

एक काळजी मात्र घ्या, हात जोडून सांगते. नावं बाहेर जाता कामा नयेत. माझ्याकडं येणारी प्रत्येक दुसरी बाई पहिलं वाक्य बोलते ते 'ऑफिसला कळू देऊ नका' हे, आणि गर्द किंवा गोळ्यांचा पेशंट असेल तर घरच्यांना पोलिसांची भीती. नोंदी पोलिसांकडं किंवा मालकाकडं गेल्या अशी नुसती अफवा जरी उठली तरी उरलेसुरले पण यायचे बंद होतील.

पैशाचं म्हणाल तर जून 2025 मध्ये सरकारनं दारूवरचा कर वाढवला तेव्हा सरकारनंच सांगितलं की वर्षाला 14 हजार कोटी जास्त येतील. त्यातले शंभर रुपयांमागे चार आणे द्या. 35 कोटी होतात. ते पैसे दादासारख्यांच्याच खिशातून आलेत, त्यांच्या बायकांच्या मंगळसूत्रातून आलेत, त्यातले चार आणे त्यांचं पुढं काय झालं हे बघायला मागतेय, जास्त नाही.

माझ्या सगळ्या वह्या मी ठेवल्यात. नावं, गावं आणि फोन नंबर कागद लावून झाकले आणि झेरॉक्स काढल्या, दोन पिशव्या भरल्यात. पहिल्या दोन वह्यांवर 'यावर विश्वास ठेवू नये' असं लाल पेननं लिहून ठेवलंय. त्या वह्या तुम्हा चौघांपैकी कुणाच्या ऑफिसला आणून द्यायच्या आणि तिथं घेईल कोण, तेवढं कळवा. मंगळवार सोडून कधीही येईन, मंगळवारी आमच्याकडं बायकांचा गट असतो.

आपली,
एक काउन्सेलर